फुकट आहे, म्हणून नको?

महिनाअखेर आली की हाउसिंग सोसायटीच्या कार्यालयात एक काम सुरू होतं. मागच्या महिन्याचं बिल उघडायचं, नाव खोडून दुसरं नाव घालायचं, सदनिका क्रमांक बदलायचा, थकबाकी बदलायची, छापायचं. पुन्हा नाव खोडायचं. शंभर सदनिका असतील तर शंभर वेळा. दोन दिवस यात जातात आणि तिसऱ्या दिवशी बी विंगमधले जोशी सी विंगमधल्या कुलकर्ण्यांची थकबाकी हातात घेऊन भांडायला येतात.

कारकुनाला बोलून काय उपयोग? एकच काम शंभर वेळा हाताने करणारा माणूस चुकणारच. ते हाताने करायला लावणाऱ्या समितीला कोणी बोलत नाही.

हे काम माणसाचं नाहीच. संगणकाचं आहे.

लिबरऑफिस नावाचा मोफत संच आहे. त्यातल्या कॅल्कमध्ये एक तक्ता करायचा: नाव, सदनिका, देखभाल शुल्क, थकबाकी. हा तक्ता त्याच संचातल्या रायटरला एकदा जोडून द्यायचा. रायटरमध्ये बिलाचा नमुना एकदाच लिहायचा आणि नावाच्या जागी तक्त्यातला 'नाव' हा रकाना माउसने ओढून आणून सोडायचा. थकबाकीच्या जागी थकबाकीचा. छापायला सांगितलं की रायटर विचारतो, यात तक्त्यातली माहिती आहे, प्रत्येकाचं वेगळं पत्र काढू का? 'होय' म्हणायचं. शंभर बिलं शंभर नावांनी बाहेर पडतात. पुढच्या महिन्यात फक्त तक्त्यातले आकडे बदलायचे.

याला मेल मर्ज म्हणतात. वर्डस्टारच्या काळापासूनची युक्ती आहे. म्हणजे आजच्या कित्येक सेक्रेटरींनी संगणक पहिल्यांदा पाहिला, त्याच्याही आधीची.

शिकायला एक दुपार पुरते. ती दुपार द्यायची कोणी, इथे घोडं पेंड खातं. दर महिन्याचे दोन दिवस मात्र बिनबोभाट दिले जातात. वर्षाचे चोवीस दिवस. कोणत्या समितीने या खर्चाला मंजुरी दिली होती?

पैसे नाहीत म्हणून जमत नाही, असं तर कोणी म्हणूच नये. पैसे नसले की आपण चोरी करतो. गल्लीतल्या दुकानात संगणक जोडून घेताना पहिला प्रश्न येतो, "ऑफिस टाकून देऊ ना?" मान डोलते. मग क्रॅक टाकायचा, त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायचा, आणि त्याच यंत्रावर संध्याकाळी बँकेचा पासवर्ड टाइप करायचा.

कुलूप चोराच्या हातून बसवून घेणारा माणूस रात्री झोपतो कसा?

चोरीचं चालतं, फुकटचं चालत नाही. फुकट म्हणजे कमअस्सल, हे डोक्यात पक्कं बसलंय. लिबरऑफिसची मुळं जर्मनीतल्या स्टारऑफिसमध्ये आहेत. सन मायक्रोसिस्टिम्सने ते बनवणारी कंपनी १९९९ मध्ये विकत घेतली आणि पुढच्या वर्षी सोर्स कोड खुला केला. २०१० मध्ये सन ओरॅकलच्या हाती गेली. काम करणाऱ्यांना नव्या मालकाचा भरवसा वाटेना, तेव्हा त्यांनी त्याच वर्षी डॉक्युमेंट फाउंडेशन काढलं आणि तोच कोड घेऊन लिबरऑफिस वेगळं केलं. मालकाशी पटलं नाही तर घरदार घेऊन बाहेर पडता येतं! भाड्याने घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ही मुभा कोणाला आहे? तिथे वर्षाचं भाडं चुकलं की बंद होतो तो तुमचाच संपादनाचा हक्क.

जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने आपल्या प्रशासनातले सुमारे ३०,००० संगणक लिबरऑफिसवर न्यायचं २०२४ मध्ये जाहीर केलं. एका राज्याचा कारभार ज्यावर चालवायला काढला आहे, त्यावर बी विंगची बिलं निघणार नाहीत?

"पण फाइल उघडली की मांडणी हलते हो!"

हलते. खोटं कशाला बोला? पण पुष्कळदा ती फॉन्टमुळे हलते. कॅलिब्री यंत्रावर नसतो, त्याच्या जागी भलताच येऊन बसतो, ओळी लांबतात आणि दुसऱ्या पानावरची सही तिसऱ्या पानावर एकटी जाऊन पडते. कॅलिब्रीच्याच मापाचा कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलाडिया मोफत मिळतात. आणि समोरच्याने नुसतं वाचायचंच असेल तर त्याला पीडीएफ पाठवावी. ते बटण लिबरऑफिसच्या वरच्या पट्टीवरच आहे. शोधावंही लागत नाही.

ज्यांचं पोट एक्सेलच्या मॅक्रोंवर आहे, त्यांनी एक्सेल घ्यावं. रीतसर, पैसे मोजून. त्यांच्याशी भांडण नाही. पण मॅक्रो लिहिणारे असे आहेत किती? बाकीचे बेरीज करतात. काही जण तर बेरीज कॅल्क्युलेटरवर करतात आणि आलेला आकडा एक्सेलमध्ये टाइप करतात.

हसू नका. तुमच्याही कार्यालयात एक जण आहे.

आता मराठीच्या खऱ्या दुखण्याकडे.

देवनागरी युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात १९९१ पासून आहे. तरीही कितीतरी कार्यालयांत, शाळांत, छापखान्यांत आज सकाळीही मजकूर कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाला. कृतीदेवमध्ये पडद्यावर 'मराठी' दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट नाही, की निरर्थक इंग्रजी.

मग त्या फाइलमध्ये 'मराठी' शोधलं तर सापडेल कसं?

तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, कचरा. ईमेलमध्ये चिकटवा, कचरा. दुसऱ्या खात्याकडून आलेला मजकूर आपल्याकडे उघडत नाही, म्हणून तो छापून घ्यायचा, समोर ठेवायचा आणि पुन्हा टाइप करायचा. एकच परिपत्रक मंत्रालयातून निघून तालुक्याला पोचेपर्यंत किती जणांची बोटं झिजवत असेल? मराठीचा अभिमान भाषणात असतो. फाइलमध्ये तिची पाच इंग्रजी अक्षरं होतात.

आणि यावरचं साधन विकत घ्यायचं तर सोडाच, उतरवूनही घ्यावं लागत नाही. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आहे, मॅकमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की आला. ऐंशीच्या दशकातच तो प्रमाण ठरला. साधारणपणे स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. क-च्या कळीवर शिफ्ट धरली की ख, ग-च्या कळीवर घ, त-च्या कळीवर थ. शाळेत पाठ केलेली वर्णमालाच बोटांखाली मांडली आहे. म्हणजे निम्मं पाठांतर पहिलीतच झालेलं!

ल-च्या कळीवर शिफ्ट धरा, ळ. र-च्या कळीवर शिफ्ट धरा, ऱ. 'दुसऱ्या' लिहायला या ऱ-ला हलन्त द्यायचा आणि पुढे या. एवढी सोय समोर असताना फलकांवर, निमंत्रणांवर, सरकारी सूचनांवर 'दुसर्या', 'पुढार्यांच्या' छापून येतं. कळ दाबायची राहिली, आणि भाषेचा मोडलेला हात चारचौघांत टांगला.

जुन्या हातांची अडचण खरी आहे. रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळफलकावर वीस-पंचवीस वर्षं बोटं फिरलेल्या माणसाला नवा कळफलक म्हणजे शिक्षाच. त्याला नावं ठेवू नका. रेमिंग्टनचीच रचना ठेवून आतून युनिकोड उमटवणारी साधनं मोफत मिळतात, ती त्याच्या यंत्रावर टाकून द्या. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांसाठी 'गमभन'सारखी साधनं मराठी माणसांनीच केली. बोटं जुनी राहू द्यात. मजकूर तरी नव्या जगात जाऊ द्या.

फॉन्ट नाहीत, हे रडगाणंही आता पुरे. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्ता', आयआयटी मुंबईतून आलेला 'शोभिका'. दोन्ही युनिकोड, दोन्ही मोफत, छापायलाही परवानगी. तरी पुस्तकाचा मजकूर 'जुन्या फॉन्टमध्येच द्या' असं प्रकाशकाला छापखान्यातून सांगितलं जातं, आणि प्रकाशक मुकाट्याने युनिकोडमधलं हस्तलिखित उलटं फिरवून देतो. त्या फिरवाफिरवीत जोडाक्षरं फुटतात. मग मुद्रितशोधकाचा आठवडा.

असाच वेळ छापील मजकूर पुन्हा टाइप करण्यात जातो. जुनी घटना, जुना ठराव, स्कॅन करून आलेला शासन निर्णय. कोणीतरी समोर कागद ठेवून बडवत बसतं. टेसरॅक्ट नावाचं इंजिन चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढून देतं. एचपीच्या ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत १९८५ च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं, २००५ मध्ये त्याचा कोड खुला झाला, पुढे बरीच वर्षं गुगलने ते सांभाळलं. मराठी त्याला वाचता येतं. पान सरळ आणि स्वच्छ स्कॅन केलेलं असेल तर बऱ्यापैकी येतं. पुसट खिळ्यांच्या जुन्या पानावर अडखळतं, जोडाक्षरांत चुकतं, काना खातं. तपासावं लागतंच.

पण तपासणं आणि टाइप करणं यांत किती फरक आहे, हे टाइप करणाऱ्याला विचारा. साहेबांना विचारू नका.

भरतीच्या अर्जांचा हंगाम आला की सायबर कॅफेसमोर मुलं उभी. बँकांच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसला फोटो २० ते ५० केबीचा लागतो, सही १० ते २० केबीची. मोबाइलवर काढलेला फोटो तीन-चार एमबीचा. "दादा, फोटो कमी करून द्या ना." दादा पैसे घेतो. किंवा मग गुगलवर पहिली जी वेबसाइट दिसेल तिच्यावर फोटो चढवायचा.

फोटोचं एक वेळ सोडा. त्याच वेबसाइटवर आधार चढतं. पॅन चढतं. सातबारा चढतो, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला चढतो, जातीचा दाखला चढतो. ही वेबसाइट कोणाची? फाइल पुसते की ठेवून घेते? विचारायला कोणाला सवड आहे? उद्या शेवटची तारीख आहे.

गिम्प हे चित्रांवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं, १९९६ पासून लोकांच्या हाती असलेलं. फोटो उघडायचा, चेहऱ्याभोवतीचं जास्तीचं कापायचं, आकार सांगितलाय तेवढ्या पिक्सेलचा करायचा आणि जेपीजी म्हणून एक्स्पोर्ट करायचा. तिथे क्वालिटीची एक सरकपट्टी येते. प्रीव्ह्यूच्या चौकटीत खूण केली की पट्टी सरकवाल तसा फाइलचा आकार तिथेच बदलताना दिसतो. वीस आणि पन्नासच्या मध्ये आणायचा आणि सोडायचा. पीडीएफची पानं जोडायची किंवा वेगळी काढायची असतील तर पीडीएफसॅम आहे.

ही सगळी कामं इंटरनेटची वायर उपटून ठेवली तरी होतात. मग बापाचा उत्पन्नाचा दाखला अनोळखी सर्व्हरवर कशाला?

वायर उपटून होणारं काम वेबसाइटवर करायला लावणारा अर्ज आपण बदलू शकत नाही. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात एका तासात हे शिकवू शकतो. शिकवतो?

फाइल सापडत नाही, ही आणखी एक रोजची रड. विंडोजचा शोध गोल गोल फिरत बसतो. 'एव्हरीथिंग' नावाचं चिमुकलं साधन फुकट मिळतं. एनटीएफएस डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद असलेली एक सूची मुळातच असते. हे साधन फोल्डर धुंडाळत न बसता ती सूचीच वाचतं, म्हणून नाव टाइप करता करता फाइल समोर हजर होते.

फक्त फाइलला नाव पाहिजे. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' आणि 'न्यू डॉक्युमेंट ३७' यांतून कोणता देव वाचवणार? नावाच्या सुरुवातीला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. फाइली आपोआप क्रमाने लागतात. याला तर सॉफ्टवेअरही लागत नाही.

'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की' हे वाक्य एका टेबलावर दिवसभरात किती वेळा टाइप होतं? लिबरऑफिसमध्ये ते ऑटोटेक्स्ट म्हणून 'उवि' या लघुरूपाने एकदा ठेवून द्यायचं. 'उवि' लिहायचं, एफ३ दाबायचं, अख्खं वाक्य हजर. विंडोजमध्ये २०१८ पासून कॉपी केलेल्या मागच्या गोष्टीही परत मिळतात. विंडोजची कळ आणि व्ही. एकदा ती सोय चालू करावी लागते, इतकंच. किती जणांनी केली? इकडून एक ओळ उचल, तिकडे टाक, पुन्हा इकडे ये. दिवसभर हीच वारी चालते.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी. यांच्याकडे सगळं असतं.

कामांची यादी करायचं एक, नोंदी ठेवायचं दुसरं, वेळ मोजायचं तिसरं, लक्ष विचलित होऊ नये म्हणून चौथं. रोज रात्री यूट्यूबवर 'वेळ वाचवणारी दहा साधनं' पाहायची आणि सकाळी त्यांतली तीन उतरवायची. दर सोमवारी जुनी यादी नव्या अ‍ॅपमध्ये हलवायची. यादीतलं काम मात्र जागचं हलत नाही.

वेळ वाचवण्यात ज्यांचा सगळा वेळ जातो, त्यांना कोणतं साधन द्यावं?

नवं साधन घ्यायच्या आधी एकच तपासावं: गेल्या आठवड्यात हाताने काय काय तीनदा केलं? त्याच्यासाठी साधन शोधा. जे काम केलंच नाही, त्यासाठी साधन कशाला?

उतरवून घेतानाही डोळे उघडे हवेत. शोधलं की सगळ्यात वर जाहिरात येते, तिच्यात भलंमोठं हिरवं 'डाउनलोड' बटण. ते दाबलं की हव्या त्या साधनासोबत नको ती चार येतात, ब्राउझरचं पहिलं पान बदलतं, यंत्र रांगायला लागतं. मग बोल कोणाला? 'फुकटचं होतं ना, असंच असणार.' अहो, फुकटचं ते नव्हतंच. तुम्ही भुरट्याच्या दारातून आत गेलात.

कधी खरं दारच बंद होतं. व्हीएलसी प्लेयर कोणाच्या यंत्रावर नाही? पॅरिसच्या एकोल सांत्राल या शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, २००१ मध्ये कोड खुला. २०२२ मध्ये त्याचं अधिकृत संकेतस्थळ भारतात कित्येक महिने उघडत नव्हतं. कारण नीट सांगितलं गेलं नाही. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारला कायदेशीर नोटीस गेली, तेव्हा नोव्हेंबरात बंदी उठली. तोवर खरी जागा बंद आणि नकली जागा उघड्या. सुरक्षा कोणाची झाली?

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे काल संध्याकाळपर्यंत धडधाकट चालणारा संगणक आज सकाळी म्हातारा ठरला. त्याला काही झालेलं नाही. शाळांतल्या, पतपेढ्यांतल्या, ग्रामपंचायतींतल्या कित्येक यंत्रांची आज हीच गत आहे.

भंगारवाल्याला फोन करण्याआधी लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घ्या. त्या पेन ड्राइव्हवरूनच संगणक सुरू होतो. आतल्या डिस्कला हात न लावता दिवसभर चालवून बघता येतं. प्रिंटर चालतो का, वायफाय सापडतं का, मराठी उमटतं का. पटलं तर बसवा, नाही तर पेन ड्राइव्ह काढा. चार जीबी रॅमवर निभतं. टॅली त्यावर थेट चालत नाही, आणि डिजिटल सहीची काही सरकारी साधनंही विंडोजच मागतात, हे आधीच सांगितलेलं बरं. पण शाळेच्या प्रयोगशाळेत टॅली कोण चालवतंय?

केरळने सरकारी शाळांतले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले, त्याला बरीच वर्षं झाली. तिथली मुलं दहावीची संगणकाची परीक्षा त्यावरच देतात. आपल्याकडे पुष्कळ प्रयोगशाळांची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात असते, मुलांनी संगणक बिघडवू नयेत म्हणून. न बिघडलेले संगणक घेऊन पोरं करणार काय?

"शिकवणार कोण?" हा प्रश्न तरी महाराष्ट्रात विचारू नये. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प पवईत आहे. लिबरऑफिस, लिनक्स, गिम्प, इंकस्केप असे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे; बघायचे आणि सोबत स्वतः करायचे. मराठीतही आहेत. फुकट. केंद्र सरकारच्या पैशातून, म्हणजे तुमच्याच करातून तयार झालेले. पवईहून जगभर गेले. पवईहून पनवेलला का पोचत नाहीत?

केंद्राचं धोरणही आहे. सरकारी प्रणालींसाठी मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्या, नसेल द्यायचं तर कारण नोंदवा, असं सांगणारं. २०१५ चं. निविदा काढणाऱ्यांनी ते वाचलं असेल तर त्यांच्या निविदांत विशिष्ट कंपनीच्या वस्तूचं नाव जसंच्या तसं कसं येतं?

एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र नोकरीला लागतं म्हणून घरोघर आहे. ते बहुतेकदा फ्रेममध्ये असतं. बोटांत नसतं. याला प्रमाणपत्र घेणारा एकटा जबाबदार नाही, कार्यालयात पहिल्या दिवशी त्याला सांगतात, "ते राहू दे, आपल्याकडे असंच करतात." संपलं शिक्षण.

आणि फुकट मिळतं म्हणजे कोणीतरी आपली रात्र खर्ची घालतंय, हेही कधीतरी मनात यायला हवं. जगभरातल्या असंख्य बँकांचे, दुकानांचे, सरकारांचे व्यवहार ज्या ओपनएसएसएल नावाच्या मोफत सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या भरवशावर चालतात, त्यात एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. तेव्हा उघड झालं, की त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळत सुमारे २,००० डॉलर. कोट्यवधींचे व्यवहार करणाऱ्यांनी पहारेकऱ्याच्या चहापाण्याचेही पैसे ठेवले नव्हते.

दहा वर्षांनी पुन्हा तेच. एक्सझेड नावाचं, फाइल लहान करणारं साधन. लिनक्सच्या असंख्य यंत्रांत ते मुकाट काम करतं. सांभाळणारा माणूस एकटा, थकलेला. त्याला मदत करतो म्हणत कोणीतरी दोन-अडीच वर्षं विश्वास कमावला आणि आत चोरवाट खोदली. मार्च २०२४ मध्ये ती पकडली कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरने. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे त्याला खटकलं म्हणून. अर्धा सेकंद! आपल्याकडे दोन-दोन दिवस जातात आणि कोणालाच काही खटकत नाही.

सोसायटीने क्रॅकवाल्याला द्यायचे पाचशे रुपये वाचवावेत आणि लिबरऑफिसला देणगी म्हणून पाठवावेत. सर्वसाधारण सभेत ठराव करून. कोणी हरकत घेतली तर त्याला पुढच्या महिन्याची बिलं हाताने करायला द्या.

पैसे नसतील तर शब्द द्या. लिबरऑफिसचे मेनू मराठीत मिळतात. त्यांतले काही शब्द खटकतात. खटकले की आपण काय करतो? फोटो काढून गटावर टाकतो, चार जण हसतात, मेनू तसाच. तो शब्द बदलता येतो हो! डॉक्युमेंट फाउंडेशनचं भाषांतराचं काम वेबलेट या ऑनलाइन साधनावर चालतं. खातं उघडायचं, खटकलेली ओळ शोधायची, बरा पर्याय लिहायचा. कोड लिहिता यायची अट नाही. तिथे आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई हव्यात, निवृत्त हेडक्लार्क हवेत, मुद्रितशोधक हवेत. आवक-जावक, थकबाकी, तेरीज, गोषवारा हे शब्द ज्यांच्या रोजच्या वापरात आहेत अशी माणसं. इंजिनिअर मंडळी तिथे आधीच आहेत, आणि त्यांना तेरीज म्हणजे काय ते सांगायला कोणीतरी पाहिजे.